सिकलसेलग्रस्त मुलीच्या बापाचं आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या शिबिरात एका साहेबांनी माईकवरून सांगितलं, "जीन थेरपी आली आहे, आपल्या लेकरांना फुकट मिळेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. या सोमवारी दवाखान्यात दुखण्याचे झटके कमी करणाऱ्या साध्या हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलसुद्धा नव्हत्या. "बाहेरून घ्या."

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. माझी मुलगी एसएस पॅटर्नची, म्हणजे आईबाप दोघांकडून सदोष जनुक आलेली. रक्त पोचत नाही म्हणून खुब्याचं हाड मरत चाललंय. शाळेचा जिना ती कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते, तोवर घंटा होऊन जाते. दुखणं उठलं की रात्रभर चादर दातांत धरून पडते. शहरातल्या एका क्लिनिकने खुब्यात 'स्टेम सेल'चं इंजेक्शन सुचवलं, चार लाखांत. वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था आयसीएमआर, तिचे २०१७ चे नियम सांगतात की असले प्रयोग मंजूर चाचणीबाहेर करायचेच नाहीत. मग ती पाटी कोणाच्या आशीर्वादाने झळकते, साहेब?

खऱ्या जीन थेरपीत रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी (स्टेम सेल) काढतात, रोग पसरवण्याची ताकद काढून घेतलेल्या लेंटीव्हायरस या विषाणूकरवी त्यांत नवं जनुक घालतात, केमोने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि त्या पेशी परत सोडतात. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये अशा 'लिफजेनिया'ला परवानगी मिळाली. किंमत तेव्हा ३१ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे पंचवीस-सव्वीस कोटी रुपये धरा. वर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा. हे माईकवरून कोणी बोललं नाही. फुकट म्हणे!

आपल्याकडे जमत नाही, असंही सांगू नका. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने याच वाटेने हिमोफिलियाच्या (रक्त न गोठण्याच्या आजाराच्या) पाच रुग्णांचा रक्तस्राव थांबवला. गडचिरोली-नंदुरबारच्या वाट्याला मात्र शिबिर, फोटो, कार्ड आणि १९ जूनची, जागतिक सिकलसेल दिनाची रॅली. केंद्राने २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलला सांगितलं, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवणार. तेव्हा माझी मुलगी चाळिशीला टेकलेली असेल. टेकली तर. रस्त्याच्या टेंडरला पैसा रातोरात सापडतो, आदिवासींच्या रक्ताची वेळ आली की तुमची फाईल वित्त विभागात जाऊन झोपते. सरकार कोणाचंही असो, झोप तीच.

विदर्भात जीन थेरपीची चाचणी कधी, कुठे, कोणाच्या खर्चाने, ते लेखी कळवा. तोवर कॅप्सूलचा साठा आणि रविवारीही रक्त मिळण्याची सोय एवढं तरी करा. 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शिक्का मारून पत्र परत पाठवू नका, तसली माझ्याकडे आहेत.

एक बाप, गडचिरोली जिल्हा