सायलेन्सरवर रोलर फिरला, पण ‘मॅप’चे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्णकर्कश सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावर रोलर फिरवल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. कारवाई योग्यच आहे. पण त्या बातमीत एक गोष्ट कधी येत नाही. सायलेन्सर बदलताना गाडीवाल्याने बहुधा ‘मॅपिंग’च्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला पेट्रोलचा हिशेब बदलण्याच्या, नावाखाली वेगळे पैसे मोजलेले असतात. त्या पैशांत गाडीत नेमके काय बदलले हे त्याला ठाऊक नसते. पुष्कळदा पैसे घेणाऱ्यालाही नसते. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होतो. निवृत्त झालो तरी जुने विद्यार्थी गाड्यांची दुखणी घेऊन येतात, आणि हल्ली त्यातली बरीच या मॅपिंगची असतात.

कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा जुना भाग; त्या गाडीचे ट्युनिंग आपल्याकडे कानावर चालायचे. एअर स्क्रू अर्धा फेरा इकडे, स्लो थोडा तिकडे, मग प्लग काढून रंग बघायचा: काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, विटकरी म्हणजे जमले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींचा हात यात असा बसलेला होता की त्यांना मीटरची गरजच पडत नसे. कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी, म्हणजे इंजेक्शनची, ग्लॅमर २००६ मध्ये आली, पल्सर २२० त्याच्या पुढच्या वर्षी. पण २००९ मध्ये पल्सर २२० पुन्हा कार्बोरेटरवर गेली आणि किंमत उतरली. इंजेक्शन शिकायची गरज नाही, असा अर्थ गॅरेजवाल्यांनी त्यातून काढला. मग १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक मानक लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसाच झाला. त्या दिवशी देश लॉकडाऊनमध्ये होता. गॅरेज उघडली तेव्हा दारात नवी यंत्रणा येऊ लागली होती आणि ती शिकवणारे कोणी नव्हते.

इंजेक्शनच्या गाडीत मिश्रण कमीजास्त करायला स्क्रूच नाही. ईसीयूच्या, म्हणजे गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरच्या, आत आकड्यांचा एक तक्ता असतो, आपल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखा. आडव्या ओळीत इंजिनचे आरपीएम, उभ्या रांगेत थ्रॉटल (मुठीने उघडणारी हवेची झडप) किती उघडला किंवा मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब किती, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकोनात एक आकडा. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, ते त्या आकड्यावर ठरते. पंप पेट्रोलचा दाब साधारण तीन बारवर धरून ठेवतो, म्हणून वेळ हेच पेट्रोलचे माप. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न पिळता इंजिन नुसते चालू असताना, ही वेळ दोनेक मिलिसेकंद असते. सहा हजार आरपीएमला फोर स्ट्रोक इंजिनचे एक चक्र वीस मिलिसेकंदांत संपते, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा हा हिशेब होतो. इंजिन थंड आहे का, आत येणारी हवा किती तापलेली आहे, बॅटरीचा व्होल्टेज किती, हे बघून त्यात भर-वजाबाकी होते. हाच मॅप. ठिणगी कधी टाकायची याचा तक्ता वेगळा.

आता मुद्दा असा की बहुतेक मोटरसायकलींत ईसीयू इंजिनात गेलेली हवा प्रत्यक्ष मोजत नाही. या आरपीएमला, इतक्या थ्रॉटलला, इतकी हवा जाणार, हे कंपनीने तोच एअर फिल्टर आणि तोच सायलेन्सर लावून टेस्ट बेंचवर आधीच काढून ठेवलेले असते. तपासायला एकच साक्षीदार, सायलेन्सरच्या बेंडमध्ये, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीत, बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. तोही फार बोलका नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. मिश्रण याच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच तो सांगतो. त्याचा व्होल्टेज ०.४५ च्या वर गेला की पेट्रोल जास्त, खाली आला की कमी. ईसीयू त्यावरून सतत दुरुस्ती करत राहतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात, आणि आयडलला किंवा संथ, एका वेगाने चालवताना तो काम करतो. फुल थ्रॉटलला मात्र ताकदीसाठी मिश्रण साडेबारा-तेराच्या आसपास लागते. तिथे या सेन्सरला ‘जास्त’ यापलीकडे काही सांगता येत नाही, म्हणून ईसीयू त्याचे ऐकणे सोडतो आणि नुसत्या तक्त्यावर चालतो. हा ओपन लूप.

एवढे समजले की सायलेन्सर बदलल्यावरची निम्मी कोडी सुटतात. मोकळा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर लावला की हवेचा तो आधीचा हिशेब चुकतो. शहरात हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर मर्यादेपर्यंत सांभाळून घेतो, म्हणून गाडी ठीक वाटते. हायवेवर थ्रॉटल पिळला की सांभाळणारे कोणी नाही. मिश्रण लीन होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, इंजिन तापू शकते. दुसरी गंमत जोडातली. बेंडचा गॅस्केट नीट बसला नाही तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटते पेट्रोल कमी आहे, आणि ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत बसतो. अॅव्हरेज पडते, प्लग काळा होतो, आणि दोष इंजेक्टरवर येतो. थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके वाजतात तीही बऱ्याचदा याच गळतीची खूण असते. ते ऐकून पोरे खूश होतात, हे वेगळे!

मग येतो मॅपिंगवाला. एक स्वस्त युक्ती म्हणजे हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत एक रेझिस्टर घालणे. ईसीयूला वाटते हवा थंड आणि दाट आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. पहिल्या दिवशी पिकअप वाढल्यासारखा वाटतो. पण क्लोज्ड लूपमध्ये ऑक्सिजन सेन्सर ही वाढ काढून घेतो. उरते ती ओपन लूपमधली, आणि ती हवी तेवढी आहे की नाही हे कोणी मोजलेले नसते. इंजेक्टरच्या वायरीत जोडायचे डबे यापेक्षा बरे, पण त्यातही दुसऱ्या कोणाच्या गाडीवर केलेला मॅप आपल्या गाडीत ओततात. त्यातले जे फक्त पेट्रोल बदलतात ते ठिणगीच्या तक्त्याला हातही लावत नाहीत.

खरे ट्युनिंग डायनोवर होते, म्हणजे गाडी जागेवरच चालवून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. सायलेन्सरमध्ये वाइडबँड सेन्सर घालतात, जो नुसते जास्त-कमी न सांगता मिश्रणाचा प्रत्यक्ष आकडा देतो. गाडी एकेका आरपीएमला, एकेका थ्रॉटलला धरून ठेवायची, आकडा वाचायचा, तो चौकोन दुरुस्त करायचा आणि पुढच्या चौकोनावर जायचे. हे काम कंटाळवाणे आणि वेळखाऊ आहे. चहा पिऊन होईपर्यंत गाडी मॅप करून देणाऱ्याने यातले काही केलेले नाही, असे बेलाशक समजावे. शिवाय दीडशे-दोनशे सीसीच्या, बाकी सगळे मूळचेच असलेल्या इंजिनातून यातून मिळणारी ताकद इतकी थोडी असते की त्यासाठी एवढा खटाटोप का करावा, हे मला कळलेले नाही.

‘घाटासाठी वेगळा मॅप’ हीही एक थाप. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला आले की हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ होते, पन्हाळ्यावर आणखी थोडी. कार्बोरेटरला हे कळत नसे, म्हणून तो उंचावर काळा धूर टाकायचा. इंजेक्शनच्या गाडीत दाबाचा सेन्सर असेल तर तो हवेचा दाब वाचतो आणि हिशेब आपोआप उतरवतो. कोणाला पैसे द्यायची गरज नाही.

इथेनॉलचा प्रश्न मात्र खरा आहे. इथेनॉलला वजनाने नऊ भागच हवा लागते, त्यामुळे इ-२० साठी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, योग्य प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त हवे. क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू ते भरून काढतो. काही ईसीयू हा शिकलेला फरक ओपन लूपमध्येही नेतात, सगळे नेत नाहीत. जुन्या इंजेक्शनच्या गाडीला फुल थ्रॉटलला मॅप लागणार असेल तर तो इथे, सायलेन्सरच्या हौसेसाठी नव्हे.

आणि हे सारे पीयूसीत दिसेल असे मानू नये. आपल्या दुचाकीची पीयूसी आयडलवर होते. आयडलला ऑक्सिजन सेन्सर जागा असतो, तो आकडे जागेवर आणून ठेवतो. फुल थ्रॉटलला मॅपने काय गोंधळ घातला आहे हे त्या कागदावर कधीच उमटत नाही.

मॅपिंग सरसकट बंद करा, असे मला म्हणायचे नाही. मोजल्याशिवाय केलेले मॅपिंग विकू देऊ नये, एवढेच म्हणणे आहे. परिवहन खात्याने असे काम करणाऱ्या दुकानाला गाडीगणिक आधीचा आणि नंतरचा मिश्रणाचा आलेख ग्राहकाच्या हाती देणे बंधनकारक करावे. दुसरी मागणी आयटीआयकडे आहे. दिवसा गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचा छोटा वर्ग काढावा. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेल्या दुरुस्तीचा, आकडा वाचणे, होंडाच्या अनेक गाड्यांत मीटरमधला इंजिनचा दिवा एकदा लांब आणि दोनदा थोडा लुकलुकला की तो बारा नंबरचा, म्हणजे इंजेक्टरच्या बिघाडाचा कोड असतो हे ओळखणे, थ्रॉटल बॉडी साफ करताना कंपनीने बसवलेल्या स्टॉप स्क्रूला हात न लावणे, इतके शिकवले तरी पुष्कळ गाड्या वाचतील. कंपन्यांनीही आपल्या गाड्यांचे कोड आणि सेन्सरची मापे अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरती न ठेवता सगळ्यांना खुली करावीत. वॉरंटी संपलेली गाडी शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्येच जाते.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, कोल्हापूर