जाळी घेण्याआधी हे वाच

प्रिय दिनू,

तुझं पत्र काल मिळालं. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एवढासा खडा, आणि रेडिएटरला भोक! वाचताना पोटात गोळा आला. तापमानाचा काटा वर सरकताच तू गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलंस, हे फार बरं केलंस. तशीच पुढे रेटली असतीस तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेलं असतं, आणि मग रेडिएटरचा खर्च किरकोळ वाटला असता.

पण आता नव्या रेडिएटरपुढे खिडकीची डासांची जाळी ताणून बसवणार आहेस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तेवढं करू नकोस. मी ते केलेलं आहे. पहिले काही दिवस काहीच जाणवलं नाही. मग रात्रभराच्या एका प्रवासानंतर पहाटे चढणीवर आधी एसी गार हवा देईना, आणि पाठोपाठ काटा चढू लागला. उतरून पाहिलं तर जाळीची भोकं दिसेनात. किडे, धूळ आणि गवताचं बी यांचा राखाडी थर, बोटाने खरवडला तर पापुद्र्यासारखा सुटून आला. मागे सगळं कोरं करकरीत होतं, पण वाराच पोचत नव्हता. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळीदार चौकट, रेडिएटरच्या पुढे असतो, म्हणून आधी त्याने हात टेकले.

रेडिएटर काम करतो तो कूलंट (इंजिनची उष्णता वाहून आणणारं द्रव) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. कूलंट 95 अंशांवर आणि हवा 40 वर असेल, तर हाताशी फरक 55 अंशांचाच. त्यात वारा कमी झाला की उन्हाळ्यात, भरल्या गाडीत, चढावर लगेच कळतं. वेगात असताना वारा आपसूक आत घुसतो. गर्दीत रांगत असताना मात्र पंखा ओढेल तेवढाच. जाळीची खरी परीक्षा तिथे.

जाळी घेताना भोक आणि तार दोन्ही मोज. भोक 6 मिमी आणि तार 1 मिमी असेल तर एक घर 7 मिमीचं झालं. भोकाचं क्षेत्र 6 गुणिले 6 म्हणजे 36, घराचं 7 गुणिले 7 म्हणजे 49. 36 भागिले 49, म्हणजे सुमारे 73 टक्के जागा मोकळी. भोक 1 मिमी आणि तार 0.3 मिमी असेल तर 59 टक्केच, आणि तीही किडे बसेपर्यंत. दुकानात देखणी दिसणारी गोल भोकांची पत्र्याची जाळी तर त्याहून वाईट: 5 मिमीची भोकं 8 मिमी अंतरावर असली, तर अगदी दाटीने मांडूनही जेमतेम 35 टक्के मोकळं. रंगाचा जाड थर चढवलेली जाळी असेल तर रंगासकट मोज, कारण तोही भोकातलीच जागा खातो.

6 मिमीच्या भोकातून किडा जाईल, वाळूही जाईल. जाऊ दे. रेडिएटरमधली कूलंटची नळी फोडतो तो मोठा खडा, आणि तो अडला की जाळीचं काम झालं. बारीकसारीक सगळं अडवायला गेलास तर वाराच अडवशील.

आता बसवण्याचं. जाळी कंडेन्सरला चिकटवू नकोस. शक्यतो बंपरच्या तोंडाशी, ग्रिलच्या मागच्या बाजूला घे, म्हणजे मध्ये चार बोटं जागा राहते. पान अडकलं तरी वारा त्याच्या कडेने वळून मागे पसरतो. चिकटलेल्या जाळीवर मात्र पानामागचा तुकडा पुरता मेला. शिवाय खड्याच्या दणक्याने जाळी आत दबते, त्यालाही जागा हवी. आणि रेडिएटरच्या पाकळ्यांतून (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांतून) प्लास्टिकचे टाय ओवून जाळी बांधायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. गाडीच्या थरथरीने ते टाय नळीवर घासत राहतात, आणि जे भोक टाळायचं तेच आपल्या हाताने पडतं.

काम चालूच आहे तर रेडिएटरच्या कडेच्या फटीही बघ. आत आलेला वारा त्या फटींतून निसटत असेल तर तिथे फोमच्या पट्ट्या लाव. जाळीने जे थोडं घेतलं ते बरंचसं असं परत मिळतं. मी जाळी बदलली तेव्हाच या पट्ट्या लावल्या, आणि मला त्या जाळीइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

धुताना इंजिन गार असू दे. पाणी साध्या नळाचं, शक्य तिथे आतून बाहेर, पाकळ्यांच्या सरळ रेषेत. सर्व्हिसिंगच्या प्रेशरच्या फवाऱ्यापासून जप. पाकळ्या कागदासारख्या पातळ असतात, आडव्या झोपतात, आणि झोपलेली पाकळी वारा अडवते. झोपल्याच तर त्यांचा खास कंगवा मिळतो, त्याने हलक्या हाताने उभ्या कर.

जाळी लावण्याआधी एकदा नेहमीच्या चढावर एसी चालू ठेवून जा. काटा कुठे थांबतो आणि खाली उभं राहिल्यावर पंखा किती वेळ फिरतो, ते लिहून ठेव. मग जाळी लावून तोच चढ, त्याच वेळेला. पंखा जास्त फिरू लागला तर जाळी काढून टाक, कितीही मजबूत असली तरी.

ग्रिल आणि कंडेन्सर यांच्यात नेमकी किती जागा आहे ते मोजून कळव. तोवर जाळी कापू नकोस.

तुझा,
बाळू