बाबांचा ड्रायव्हर बदलायचा का?

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर गोल्फच्या ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फटक्याच्या काठीचा, विषय काढला की बाबा "चाललंय की, बघू पुढं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून आज सगळं लिहूनच काढते. आई, दुपारची जेवणं झाली की तूच वाच, म्हणजे मधेच उठता येणार नाही त्यांना.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. तू विचारलंस, "नवी काठी घेतली म्हणून चेंडू खरंच लांब जातो, का नुसती जाहिरात?" आई, बराचसा भाग जाहिरातीचाच आहे. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था आहेत, अमेरिकेतली यूएसजीए आणि स्कॉटलंडमधली आर अँड ए. ड्रायव्हरचा पुढचा पत्रा किती उसळी देऊ शकतो यावर त्यांनी मर्यादा घातली आहे. पोलादी गोळा लंबकासारखा सोडून त्या पत्र्यावर आपटतात आणि तो किती वेळ चिकटून राहतो ते मोजतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंदांची, वर १८ ची सूट. काठीच्या डोक्याचा आकारही ४६० सीसीच्या (घन सेंटिमीटरच्या) पुढे नेता येत नाही. सगळ्या मोठ्या कंपन्या या रेषेला टेकून कितीतरी वर्षं झाली. म्हणजे चेंडू पत्र्याच्या बरोबर मध्यावर लागला, तर पंधरा वर्षांपूर्वीचा चांगला ड्रायव्हर आणि यंदाचा यांत फारसा फरक नाही. दर वर्षी "आणखी दहा यार्ड" सांगतात त्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पण चेंडू मध्यावर लागला नाही तर? खरी सुधारणा तिथं झाली आहे. डोक्याचा वरचा भाग आता बहुतेक ठिकाणी कार्बनचा असतो, टायटॅनियमपेक्षा हलका. वाचलेलं वजन खाली आणि मागे नेऊन ठेवतात. त्यामुळे चेंडू कडेला लागला तरी डोकं हातात कमी फिरतं आणि वेग कमी घटतो. शिवाय २००८ पासून नियमांनी मानेजवळ, म्हणजे डोकं दांड्याला जोडतं तिथं, पेच ठेवायला परवानगी दिली, तेव्हापासून त्याच क्लबचा, म्हणजे काठीचा, लॉफ्ट (पत्रा मागे कललेला असतो तो कोन) एक-दीड अंशानं कमीजास्त करता येतो.

आता बाबांच्या ड्रायव्हरबद्दल. बाबा, तो तुम्ही जमशेदपूरला असताना घेतलात. तेव्हा शिफ्ट संपवून गोलमुरीच्या कोर्सवर जायचात आणि मी मागून टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंट्या, गोळा करत यायची. तुमचा फटका तेव्हा इतका जोरात बसायचा की ९ अंशांचा लॉफ्ट आणि कडक स्टिफ शाफ्ट, म्हणजे दांडा, तुम्हाला शोभायचा. तो ड्रायव्हर त्या माणसाच्या मापाचा होता. मधल्या काळात तुमची कंबर दुखायला लागली, खांदा पूर्वीइतका वळत नाही, आणि क्लब मात्र तोच आहे. अजूनही तो पूर्वीएवढाच जोर मागतो. तुम्ही तो द्यायला जाता आणि दुसऱ्या दिवशी आई गरम पाण्याची पिशवी घेऊन बसते.

दिवाळीत गच्चीवर आपण चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करनं काळा ठिपका काढून मारलं होतं, आठवतं? जाळीमागं आईनं जुनी मोराची चादर टांगून दिली होती, चेंडू भिंतीवर आपटू नये म्हणून. चादरीवर धपकन आवाज यायचा आणि आपण क्लब उलटा करून पत्रा बघायचो. ठिपक्याचे डाग मध्यावर एखाद-दुसराच. बाकी सगळे आतल्या बाजूला, शाफ्टच्या दिशेनं, आणि जरा खालीच. तुम्ही म्हणालात, "सवय गेली." मला तसं वाटलं नाही. कंबर वाकायला कुरकुरते म्हणून तुम्ही चेंडूच्या जवळ उभे राहता आणि फटक्याच्या वेळी वर उठता, असं मला दिसलं. सवयीचा दोष त्यात नाही.

नंतर तुम्ही पुण्याला आलात तेव्हा सिम्युलेटरवर, बंद खोलीत फटका मोजणाऱ्या यंत्रावर, आकडे मिळाले. क्लबचा वेग ताशी ७८ मैल आणि चेंडूचा १०९. मध्यावर लागला असता तर हाच वेग चेंडूला ११४-११५ पर्यंत नेतो. लाँच अँगल, म्हणजे चेंडू उठतो तो कोन, जेमतेम साडेआठ अंश. एवढ्या कमी वेगाला चेंडू इतका खालून गेला की लवकर जमिनीला टेकतो. कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जातो ते अंतर, आली १४८ यार्ड. मग तिथल्या मुलानं १२ अंशांचा, सीनियर फ्लेक्सचा म्हणजे मऊ, हलक्या शाफ्टचा नवा ड्रायव्हर हातात दिला. चेंडू १३ अंशांनी उठला आणि कॅरी १६७ झाली. तुमच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी बघितलंय, बाबा. किंमत ऐकल्यावर तुम्ही तो परत केलात, तेही बघितलंय.

तुम्ही चहाला बाहेर गेलात तेव्हा मी त्या मुलाकडून आणखी एक ड्रायव्हर मागून घेतला होता. पाच-सहा वर्षं जुना, कुणीतरी विकायला ठेवलेला, पण लॉफ्ट तोच, १२ अंश, आणि शाफ्ट मऊ. तुम्ही परत आल्यावर तोही मारून बघितलात. कॅरी १६४. म्हणजे जो फरक पडला तो नवेपणामुळे पडला नाही. तो लॉफ्टमुळे, शाफ्टमुळे आणि चुकलेला फटका सांभाळून घेणाऱ्या मोठ्या डोक्यामुळे पडला. यंदाच्या मॉडेलला पन्नास हजारांच्या पुढे मोजायचे आणि त्या जुन्याला निम्म्याहून कितीतरी कमी. मधे फरक तीन यार्डांचा. बंद खोलीतल्या थोड्या फटक्यांत तीन यार्ड इकडेतिकडे सहज होतात.

म्हणून माझं मत: ड्रायव्हर बदलायचा, आणि वापरलेला घ्यायचा. बाबा, तुम्ही म्हणाल जुन्यालाच नवा शाफ्ट बसवू. मी चौकशी केली. चांगला शाफ्ट आणि बसवायची मजुरी धरली की वापरलेल्या अख्ख्या ड्रायव्हरच्या जवळपास पैसे जातात. आणि डोकं ९ अंशांचंच राहतं. तुमच्या त्या काळच्या डोक्याला पेच नाही, मान चिकटवलेली आहे. शाफ्ट मऊ झाला तरी चेंडू पुरेसा उठणार नाही.

वापरलेला घेताना मी काय बघणार तेही सांगते, म्हणजे काळजी नको. नकली माल खूप येतो, म्हणून मानेवरचा सीरियल नंबर कंपनीकडे तपासून घेईन. पत्र्यावर बारीक तडा नाही ना, हलवल्यावर आतून खडखडत नाही ना, हे बघेन. मॉडेल यूएसजीएच्या मान्य यादीत आहे का तेही बघेन. आणि लांबी. दुकानात बहुतेक ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात. तुमच्यासाठी मी साडेचव्वेचाळीस करून घेणार आहे. एक इंच गेला तर वेग किंचित कमी होईल, पण चेंडू मध्यावर जास्त वेळा लागेल, आणि तुम्हाला त्याचीच गरज आहे.

आता मूळ गोष्ट, जी तुम्ही मला सांगितली नाहीत आणि आईनं सांगितली. जमशेदपूरच्या जुन्या मित्रांनी हिवाळ्यात बोलावलंय आणि तुम्ही कंबरेचं निमित्त सांगून नाही म्हणालात. आई म्हणते कारण वेगळंच आहे. पहिल्या टी-वर, खेळ सुरू करायच्या जागी, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि चेंडू पुढे जायचा नाही, ते तुम्हाला नको वाटतं. बाबा, हे वाचून मला झोप लागली नाही. ज्या लोकांबरोबर तुम्ही तीस वर्षं काढलीत त्यांना भेटायचं तुम्ही एका न बसणाऱ्या क्लबमुळे टाळताय. "आता या वयात कशाला खर्च" असं तुम्ही म्हणता, पण या वयातच तो कामाचा आहे. तरुणपणी कुठलाही क्लब चालतो, जोर आपला असतो. आणि चष्म्याचा नंबर बदलला तेव्हा तुम्ही जुनाच चष्मा घालून बसला नव्हतात.

पैशाचं मी बघते. तुम्ही माझ्या शिक्षणाला दिलेल्या पैशांचा हिशेब कधी मागितला नाहीत, मग माझ्याकडूनही मागू नका.

तोवर तीन गोष्टी करा. ग्रिप बदलायला द्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात रबर वाळून गुळगुळीत झालंय, त्यामुळे तुम्ही मूठ जास्त आवळता आणि खांदे ताठ होतात. माझ्याकडे पाठवलंत तर मी इथं करून घेते. टी थोडी उंच लावा, निम्मा चेंडू डोक्याच्या वर दिसेल इतकी. आणि क्लब गाडीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये तिथं इतकं तापतं की मानेतला डिंक ढिला होऊ शकतो.

आई, तुझ्याकडे एक काम आहे. शिलाई मशीनच्या खणातला टेप घे. बाबांना घरातल्या सपाट चपला घालून भिंतीजवळ सरळ उभं कर, हात मोकळे सोडायला सांग, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत इंचात माप घे. दोन्ही हातांचं घे. मग त्यांची उंचीही लिहून पाठव. ते "राहू दे" म्हणतील, तू ऐकू नकोस. माप आलं की मी त्या मुलाशी बोलून ठेवते, आणि पुढच्या शनिवारी सकाळच्या हुतात्मानं तुम्ही दोघंही या. शेंगाचटणी संपलीय, तीही आण.

तुमची,
मनू