तुझ्या जगातल्या मयती

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीतल्या काल्पनिक जगाचे नकाशे आणि टिपणं मिळाली. अंत्यविधींचं प्रकरण आधी वाचून काढलं, राजघराण्याची वंशावळ नंतर. (वंशावळीवर सवडीने बोलू. नऊ राजे आणि त्यातल्या चौघांची नावं एकाच अक्षराची, हे वाचकाचे हाल आहेत.) मयतीवर मात्र आत्ताच भांडायचंय. तिथे तू सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहेस आणि नेमकं तिथेच तुझं जग मला बेतलेलं वाटलं.

का, ते सांगतो. तू दर वेळी आधी देव घडवलास आणि मग त्याला शोभेल असा विधी. नदीकाठचे आत्मा समुद्राला मिळतो असं मानतात, म्हणून प्रेत नावेत ठेवून नाव पेटवून सोडतात. दलदलीतले अग्निपूजक, म्हणून त्यांची चिता. मिठागरवाल्यांच्या देवाला अखंड शरीर लागतं, म्हणून ते प्रेतं जपतात. दिसायला सगळं सुरेख. पण लाकूड कुठून आलं? खणलं कोणी? तिबेटच्या पठारावर जमीन खडकाळ आणि गोठलेली, झाडं विरळ. तिथे मृतदेह कापून गिधाडांना घालतात, हाडंही कुटून भाजलेल्या जवाच्या पिठात मिसळून देतात. त्यामागे देहदानाची, करुणेची शिकवण आहे आणि लोक ती मनापासून मानतात. तरी पायाखालची जमीन वेगळी असती तर तीच करुणा वेगळ्या वाटेने गेली असती, असं मला वाटतं.

आता तुझी पेटती नाव घे. एक देह पुरता जळायला काही क्विंटल लाकूड आणि कित्येक तास लागतात. तुझी होडी पाण्याच्या पातळीपर्यंत जळेल आणि बुडेल. अर्धवट जळलेलं प्रेत दोन दिवसांनी खालच्या गावाच्या काठाला लागेल. हा प्रसंग गाळू नकोस, हाच लिही! वरच्या गावाच्या दृष्टीने माणूस समुद्राला मिळाला. खालचं गाव ती प्रेतं गुपचूप ओढून काढतं आणि पुरतं. वरचे लोक त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत, पण दरवर्षी धान्याच्या गोण्या न चुकता पाठवतात आणि कशाबद्दल ते कोणी बोलत नाही. तुझ्या नायिकेला त्या खालच्या गावची कर. सध्या ती सरदाराची मुलगी आहे, आणि सरदारांच्या मुली तुझ्याकडे आधीच तीन आहेत.

दलदलीत ओल्या लाकडाची चिता पेटणार नाही. तिथलं खरं जळण म्हणजे पीट, कुजक्या शेवाळाची वाळवलेली माती. आणि ही माती मुडदे टिकवते. तिच्यातलं पाणी आम्लधर्मी, प्राणवायू जवळपास नाही. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट खणणाऱ्यांना एक देह सापडला, चेहरा इतका ताजा की नुकताच खून झालाय असं समजून पोलिसांना बोलावलं गेलं. तो टोलुंडचा माणूस २००० वर्षांहून जुना होता, हनुवटीवरचे खुंटसुद्धा शाबूत. म्हणजे तुझे दलदलवाले सरपणासाठी खणतील तेव्हा मधूनच पूर्वज वर येतील. मग काय करायचं? परत पुरायचं, घरी आणायचं, की तो खड्डा सोडून थंडीत कुडकुडायचं? या एका प्रश्नावर तुझ्या त्या रटाळ पंचायतीचे दोन तट पडतील आणि वाचक जागा राहील.

मिठागरवाल्यांवर मात्र माझा जीव जडलाय. मीठ प्रेत सुकवतं हे तू बरोबर धरलंस, पण सुकलेली माणसं गुहेत मांडून गप्प बसलास. न कुजणारा माणूस मालमत्ता सोडेल कशाला? दक्षिण अमेरिकेतला इंका सम्राट वारला की गादी नव्या राजाला मिळायची, पण वाडे, जमिनी, चाकर मेलेल्याच्याच नावावर राहायचे. बाकीचे वंशज त्याच्या ममीच्या वतीने कारभार बघत. सणाला ममी चौकात आणून बसवत, तिच्यापुढे खाणंपिणं ठेवत, तिच्या वतीने बोलायलाही माणूस असे. नव्या राजाला स्वतःच्या जमिनी नव्याने कमवाव्या लागत. साम्राज्य पसरत गेलं त्यामागचं हे एक कारण असावं, असं काही अभ्यासक मानतात. १५५९मध्ये इंकांची राजधानी असलेल्या कुस्कोच्या स्पॅनिश अधिकाऱ्याने या ममी हुडकून ताब्यात घेतल्या. मेलेल्यांना अटक करावीशी वाटते, म्हणजे त्यांचा दरारा बघ! तुझ्या मिठागरात सगळ्यात चांगले मिठाचे वाफे आजोबांच्या नावावर, आणि आजोबांचं मत सांगणारी एक धूर्त आत्या. नातवंडांना मीठ विकायला मेलेल्याची परवानगी हवी. तुझं बंड इथून सुरू होऊ दे, त्या भविष्यवाणीतून नको.

आणि हो, ममी म्हणजे राजाचीच, हेही सोड. चिलीच्या उत्तर किनाऱ्यावरचे चिंचोरो मासेमार सुमारे ७००० वर्षांपूर्वी तान्ह्या मुलांच्याही ममी करत. त्यांच्यात राजे असल्याच्या खुणा नाहीत.

शेवटची तक्रार. तुझ्याकडे एकूण एक विधी यथासांग पार पडतो. ज्याचं प्रेत सापडलं नाही त्याचं काय? परमुलखात मेलेल्याचं? इ.स.पू. ४०६मध्ये आर्जिनुसाईची आरमारी लढाई अथेन्सने जिंकली, पण वादळामुळे पाण्यातली माणसं आणि मृतदेह उचलता आले नाहीत. घरी परतलेल्या सहा सेनापतींना जिंकूनही देहदंड झाला. तुझा सेनापती उतारावर शेकडो प्रेतं टाकून निघतो आणि पुढच्या पानावर मेजवानी! त्याला कोणीतरी जाब विचारू दे.

कधी विधीच्या खालची जमीनच सरकते. दक्षिण आशियात १९९०च्या दशकापासून गिधाडं झपाट्याने संपत गेली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. अंत्यविधीसाठी गिधाडांवर विसंबलेल्या झरथुष्ट्री (पारशी) समाजात मग वाद पेटले. कुठे ऊन एकवटून देह सुकवणारी यंत्रं बसवली, काही कुटुंबं दहनाकडे वळली. तुझ्या नदीचा प्रवाह धरणाने अडला, तर नावा कुठे जातील?

पुढचं प्रकरण पाठव. आत्या मला हवीच आहे.

तुझाच

ता. क. तुझ्या मयतीत सगळे एकसारखे शोकात बुडालेले असतात. एखाद्याला कंटाळा येऊ दे, कोणी वाटणीवरून कुजबुजू दे, कोणाला नको तिथे हसू फुटू दे. आणि ती नऊ कडव्यांची शोकगीतं, त्यातलं एक ठेव.