रात्रभर जागा चालक आणि पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी आंबेनळी घाटात पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पुणे–महाबळेश्वर–प्रतापगड सहलीची गाडी, चालक आणि बिल.

महोदय,

दिवाळीनंतरच्या रविवारी तुमच्याकडून दिवसभरासाठी गाडी घेतली होती. सोबत माझे सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि माझी मुलगी. आईला प्रतापगडावरच्या भवानीमातेचं दर्शन घ्यायचं होतं. बुकिंग करताना मी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या : गाडी टुरिस्ट परमिटची असेल ना, आणि ड्रायव्हर घाटात सराईत आहे ना? दोन्हींना ‘हो मॅडम, काळजीच करू नका’ असं उत्तर मिळालं.

पहाटे दारात आली ती पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी. लगेच तुमच्या ऑफिसला फोन लावला, तर ‘आता दुसरी गाडी नाही, नको असेल तर कॅन्सल करा, ॲडव्हान्स मिळणार नाही’ असं ऐकवण्यात आलं. आई-वडील आवरून खाली उभे होते, म्हणून निघालो. परमिट नसलेली खासगी गाडी भाड्याने देणं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ चं उल्लंघन आहे, हे तुमच्या धंद्यात कुणाला ठाऊक नसेल असं नाही. अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणजे आम्हा चौघांची जोखीम तुम्ही परस्पर आमच्याच गळ्यात घातलीत.

त्याहून गंभीर गोष्ट चालकाची. मुलगा नम्र होता, त्याच्याबद्दल माझी वैयक्तिक तक्रार नाही. पण खंबाटकी चढतानाच त्याचे डोळे जड झालेले आरशात दिसत होते. सुरूर फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा त्याने सांगितलं की रात्री मुंबई विमानतळावर सवारी सोडून तो तीन वाजता पुण्यात परतला आणि ऑफिसने लगेच आमची ड्युटी लावली. वाईच्या पुढे पसरणी घाटात त्याला झोप लागू नये म्हणून माझे वडील त्याच्याशी सारखे बोलत राहिले.

महाबळेश्वरहून वाडा कुंभरोशीकडे आंबेनळी घाट उतरताना जे घडलं, ते मी विसरू शकत नाही. उतार लागताच त्याने गाडी न्यूट्रल केली. वडील एसटीत ड्रायव्हर होते, अख्खी नोकरी घाटात गेलेली. त्यांच्या ते इंजिनाच्या आवाजावरून क्षणात लक्षात आलं. ‘दादा, गिअरमध्ये घ्या. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा,’ असं ते म्हणाले. त्यावर उत्तर आलं, ‘काका, डिझेलचा हिशेब ऑफिस माझ्याकडून मागतं.’ न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही, गाडीचं सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात आणि शेवटी पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. दोन वळणांनंतर जळका वास गाडीत भरला. वडिलांनी आवाज चढवून गाडी बाजूला घ्यायला लावली. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर झळ लागत होती. ब्रेक निवेपर्यंत आम्ही कठड्याशी उभे राहिलो. समोर जावळीचं खोरं, पाऊस नुकताच सरल्यामुळे हिरवंगार, आणि आईने खिडकीवरची कडी धरून ठेवलेला हात पांढरा पडलेला. तिने तो डोंगर धड पाहिलासुद्धा नाही.

याच आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि तीसेक माणसं गेली. त्या रस्त्यावर ग्राहक पाठवणाऱ्या कंपनीला हे सांगावं लागू नये.

गडावर दर्शन झालं, पण ते घाईघाईने. चालकाला संध्याकाळी सातला पुण्यात दुसरं भाडं दिलेलं होतं, असं तिथे कळलं. बुकिंगमध्ये रात्री नऊपर्यंतची वेळ लिहिलेली आहे. त्यामुळे जुन्या महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर आणि आर्थर सीट दोन्ही राहिलं. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्रीचं पाणी जिथे एकत्र पडतं ते ठिकाण मुलीला दाखवायचं मी कबूल केलं होतं.

आता बिल. त्यात आनेवाडी टोल लावला आहे. आम्ही जाता-येता सुरूर फाट्यावरून वाईमार्गे गेलो. आनेवाडी नाका सुरूरच्या पुढे साताऱ्याच्या बाजूला आहे, तिथे आमची गाडी गेलीच नाही. फास्टॅगची नोंद काढून बघा. किलोमीटरही मीटरपेक्षा जास्त आहेत. निघताना आणि उतरताना मी मीटरचे फोटो काढले आहेत, ते सोबत जोडते. विचारल्यावर ‘गॅरेज टू गॅरेज धरतो’, म्हणजे गाडी गॅरेजातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंतचं अंतर मोजतो, असं सांगितलं गेलं. बुकिंगच्या मेसेजमध्ये याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

आनेवाडी टोल आणि गॅरेजचे किलोमीटर वजा करून पैसे परत करावेत. पण मला मुख्यतः लेखी उत्तर हवं आहे : त्या चालकाची आदल्या दिवशीची ड्युटी किती तासांची होती, झोप न झालेल्या माणसाला घाटात पाठवायचा निर्णय कुणी घेतला, आणि डिझेलची बचत चालकाच्या पगाराशी जोडलेली आहे का? आणखी एक. हे पत्र वाचून त्या मुलाला कामावरून काढू नका. ड्युटी त्याने लावून घेतली नव्हती, तुम्ही लावली होती.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर परमिटबद्दल आरटीओकडे आणि बाकीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन. बुकिंगचे मेसेज, बिल आणि फोटो जपून ठेवले आहेत.

आपली,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे

सोबत : बिलाची प्रत, मीटरचे आणि नंबरप्लेटचे फोटो