मॉरिशस सहल आणि घरचा गणपती

सभासदांना नमस्कार. सहल ऐन चतुर्थीत आली म्हणून काही घरांतून नाराजी कानावर आली. काळजी नसावी. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि तिथली मराठी मंडळी बाप्पाला वाजतगाजत समुद्रावर नेतात. आपणही सामील होऊ. मोदकही चुकायचे नाहीत, राहण्याच्या जागी स्वयंपाकघर आहे. साचा आणि चाळणी तेवढी बॅगेत टाका (हातानेच कळ्या पाडण्याचा हट्ट धरणाऱ्या आज्यांना साचा माफ). दूर्वा, फुलं, नारळ मात्र अजिबात नेऊ नका. तिथे परवान्याशिवाय झाडं-फळं नेता येत नाहीत. त्या दिवसांत तिकडे थंडी सरत असते, स्वेटर हवाच. प्रवाळाने पाय कापतात, पाण्यात रबरी बूट घाला. आरतीची पुस्तकं आणि टाळ कोण आणणार, ते रविवारपर्यंत कळवा.