वॉशिंग्टन सहलीतील लिंकन स्मृतिस्थळे न दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

लिंकन स्मारक, फोर्ड्स थिएटर आणि लिंकन कॉटेज ही तिन्ही स्थळे आतून दाखवू, असे आपल्या माहितीपत्रकात छापले आहे. प्रत्यक्षात दाखवले ते फक्त स्मारक, जे चोवीस तास खुले असते आणि जिथे तिकीटच नाही.

मूळ चूक क्रमाची. अख्खी सकाळ स्मारकावर घालवून बस दुपारी फोर्ड्स थिएटरला नेली. तिथे आजही नाटके होतात. दुपारचा प्रयोग किंवा तालीम असली की प्रेक्षागृह पर्यटकांना बंद असते. वेळापत्रक आधी पाहून ठरावीक वेळेची तिकिटे काढावी लागतात. त्यातले काहीच झाले नव्हते. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकन यांना जिथे गोळी लागली ते सज्जाचे दालन आणि दुसऱ्या सकाळी जिथे त्यांचा मृत्यू झाला ते समोरचे पीटरसन हाऊस, दोन्ही फुटपाथवरूनच पाहावे लागले.

त्यातही गाईडने सांगितले की पीटरसन हाऊसमधला पलंग मूळचा आहे. मूळ पलंग शिकागोच्या इतिहास संग्रहालयात आहे आणि थिएटरातली लिंकन यांची खुर्ची मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला. स्मारकाचे ३६ खांब म्हणजे स्मारक खुले झाले तेव्हाच्या, १९२२ मधल्या, राज्यांची संख्या, हे गाईडचे सांगणेही चूक. ते लिंकन यांच्या मृत्यूवेळच्या राज्यांचे. १९२२ मधल्या ४८ राज्यांची नावे त्यांच्या वर कोरलेली आहेत. पैसे घेऊन चुकीचा इतिहास सांगणे आम्हाला सगळ्यात जास्त खटकले.

कॉटेज 'बसमधून दाखवले' हा आपल्या कार्यालयाचा खुलासा मान्य नाही. ते घर निवृत्त सैनिकांच्या वसाहतीच्या कुंपणाआत आहे. ईगल गेटमधून आत जाऊन, ठरलेल्या वेळेला, तिथल्या मार्गदर्शकाबरोबरच ते पाहता येते. १८६२ ते १८६४ या काळात उन्हाळा लागला की लिंकन तिथे राहायला जात आणि गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर त्यांनी तिथे काम केले. हेच घर वगळले तर सहलीला लिंकन यांचे नाव का द्यावे?

थिएटर आणि कॉटेजच्या प्रवेशासाठी घेतलेली रक्कम सर्व सहप्रवाशांना परत करावी. पुढच्या सहलींत सकाळी आधी कॉटेज (व्हाइट हाऊसपासून साधारण ५ किलोमीटर उत्तरेला), मग प्रयोगाच्या वेळा टाळून थिएटर व पीटरसन हाऊस, आणि दिवे लागल्यावर स्मारक असा क्रम ठेवावा. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. माहितीपत्रक आणि पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपले,
सहलीतील सर्व सहप्रवासी